प्रयोगाचा वर्धापनदिन

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना वर्धापनदिनांचे मोठे वेड असते. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव, अमृतमहोत्सव ही सारी नावे आम्हांस पदोन्नतीच्या पायऱ्यांसारखी तोंडपाठ असतात. संस्थेचे वय मोजणे हे तिचे काम मोजण्यापेक्षा सोपे असते, हे त्याचे कारण असावे. बदलीच्या प्रत्येक गावी आम्ही कोणत्या ना कोणत्या समितीवर बसलो, असे कार्यक्रम आखले, आणि दुसऱ्या दिवशी हारांची बिले मंजूर केली. त्या सर्व वर्षांत जो प्रश्न आमच्या मनास कधी शिवला नाही, तो गेल्या हिवाळ्यात लखनऊमध्ये एका पंचविशीतल्या मुलाने आमच्यापुढे टाकला. जो उद्योग मुळात 'करून तर पाहू' एवढ्याच भावनेने निघाला, त्याचा वाढदिवस साजरा करता येतो काय? आणि केला, तर त्यात नेमके काय साजरे होते?

प्रसंग असा. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनऊस मॅरिस कॉलेज काढले. आज तेच भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय या नावाने कैसरबागेतील परीखान्याच्या वास्तूत नांदत आहे. वाळकेश्वरात जन्मलेल्या एका मराठी वकिलाने उत्तरेत येऊन हिंदुस्थानी संगीताची शाळा घालावी आणि ती शंभर वर्षे चालावी, ही गोष्ट येथील मराठी कुटुंबांना आपल्या घरचीच वाटते. तेव्हा शताब्दीनिमित्त मंडळाने एक संध्याकाळ योजावी असे ठरले. चौकातील एका चिकनच्या व्यापाऱ्याने आपल्या जुन्या हवेलीचे अंगण देऊ केले. एक ख्याल, एक व्याख्यान, थोडी ठुमरी, शेवटी अभंग, असा बेत समितीने आखला. आणि त्याच बैठकीत आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने कार्यक्रमात बारा मिनिटे मागितली.

हा मुलगा संगणकावर संगीत करतो. 'संगीत' हा शब्द आम्ही येथे त्याच्याच भरवशावर वापरीत आहोत. समितीने त्याचा तुकडा ऐकून शेरा मारण्याचे काम आमच्याकडे सोपविले. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत जो चौक पसरला आहे, त्याच्या गल्ल्यांत तो ध्वनिमुद्रक घेऊन कित्येक पहाटे हिंडला होता. चिकनच्या कापडावर नक्षी उठविणाऱ्या लाकडी ठप्प्याचा आवाज, हिवाळ्यात दुधाचा फेस विकणाऱ्यांच्या हाका, आणि मुख्यतः चांदीचा वर्ख ठोकणाऱ्यांचा हातोडा. हाताने वर्ख ठोकणारे आता थोडे उरले आहेत. पण ज्याने तो ठोका एकदा ऐकला आहे तो विसरत नाही. दोन कारागीर शेजारी बसून ठोकू लागले की त्यांच्या लयी आधी जुळतात, मग हळूहळू फाकतात, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा एकत्र येतात. मुलाने तोच ठोका घेऊन ताणला, त्याचा नाद काढून टाकला, नुसता आघात ठेवला, मग आघातही काढून नुसता नाद ठेवला. राग नाही, ताल म्हणावा असा आवर्तनाचा हिशेब नाही. पहिली चार मिनिटे आम्ही घड्याळाकडे पाहिले. पुढे केव्हातरी पाहणे थांबले. पण आनंद झाला असे म्हणवत नाही. शेऱ्याच्या कागदावर आम्ही लिहिले, "नावीन्य आहे. प्रसंगास अनुरूप नाही." तीस वर्षांच्या नोकरीत असली वाक्ये हात आपण होऊन लिहितो.

मुलाने वाद घातला नाही. त्याने आमच्या हाती कर्णयंत्र दिले आणि जर्मनीतील एका लहानशा ध्वनिमुद्रिका-संस्थेची ध्वनिमुद्रणे ऐकविली. रास्टर-नोटोन हे तिचे नाव. तिचा इतिहास आम्ही मागाहून मिळवून वाचला, आणि मान्य केले पाहिजे की संगीतापेक्षा आम्हांस तोच अधिक रुचला. पूर्व जर्मनीत साम्यवादी राजवट असताना हौशी वाद्यवृंदांस जाहीर वादनासाठी परवाना लागे, आणि तो मिळविण्यास अधिकृत समितीपुढे वाजवून दाखवून श्रेणी घ्यावी लागे. तेथील एका औद्योगिक शहरात, ज्याला तेव्हा कार्ल मार्क्सचे नाव होते आणि १९९० पासून पुन्हा केम्निट्स म्हणतात, १९८६ साली काही तरुणांनी 'आ गे गायगे' नावाचा विक्षिप्त वाद्यवृंद काढला. त्यातील फ्रांक ब्रेट्श्नायडर आणि ओलाफ बेंडर या दोघांनी राजवट कोसळल्यावर, १९९६ साली, आपली संस्था सुरू केली. १९९९ साली कार्स्टन निकोलाय यांची संस्था तिच्यात मिळाली. विद्युत्‌यंत्रातून निघणारा शुद्ध, एकसुरी नाद, आणि यंत्राने चूक केली की होणारी टिकटिक, ही त्यांची सामग्री. सतारीची तार जुळविताना आपण जो आवाज टाकून देतो, तोच घेऊन ही माणसे बसली. २०१६ साली संस्थेची वीस वर्षे समारंभपूर्वक साजरी झाली, आणि पुढच्याच वर्षी ती फुटून तिच्या दोन वेगवेगळ्या संस्था झाल्या.

आमच्या ओळखीच्या मंडळांत फूट पडली की वर्धापनदिनाच्या अहवालात ते पान गाळतात. हा मुलगा मात्र ते मोठ्या कौतुकाने सांगत होता. फुटणे हेही त्यांच्या प्रयोगाचेच एक फळ, असे त्याचे म्हणणे. आणि मग तो म्हणाला, "काका, तुम्हीसुद्धा एका प्रयोगाचीच शताब्दी करताय ना? मग त्यात प्रयोग कुठे आहे?"

या प्रश्नाला वरवरचे उत्तर सोपे आहे. प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला, यशस्वी ठरला, आता आपण फळ खात आहोत. आंब्याचे झाड लावणाऱ्याची पुण्यतिथी करताना पुन्हा कोय पेरावी लागत नाही. तथापि हे उत्तर आम्हांस फार काळ पुरले नाही. जो प्रयोग यशस्वीच होणार हे आधी ठाऊक असते तो प्रयोग नव्हे, ती अंमलबजावणी होय. प्रयोग करणारा आपल्या पदराला खार लावून घेतो तो फसण्याची शक्यता जागी असताना, आणि त्याचे सगळे नैतिक मोल त्या शक्यतेत असते. वर्धापनदिनाला आपण नेमकी तीच शक्यता पुसून टाकतो. जे टिकले ते टिकणारच होते, असा देखावा उभा करतो. त्यामुळे ज्यांनी तितकीच हिंमत केली पण जे टिकले नाहीत, ते केवळ विस्मृत होत नाहीत. ते चुकीचेच होते असे ठरून जाते.

अशा न टिकलेल्यांचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली विद्युत्‌-संगीताचे एक दालन उघडले होते. गीता साराभाईंच्या पुढाकाराने अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग नावाचे स्वरनिर्मितीचे यंत्र बसविले. आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ही मंडळी त्यावर काम करीत. चंद्रावर माणूस उतरला त्याच वर्षी हिंदुस्थानात कोणी विजेच्या लहरींतून सूर घडवीत बसले होते, याची आमच्या पिढीतल्या किती जणांस वार्ता होती? तीन-चार वर्षांत ते काम थांबले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, आणि २०२३ साली इंग्लंडातील पॉल परगस यांच्या खटपटीने त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. या पन्नास वर्षांत त्या दालनाचा एकही वर्धापनदिन झाला नाही. कोण करणार? वर्धापनदिन करण्यास आधी जगावे लागते.

आता आमच्या प्रसंगाकडे वळू. भातखंड्यांचा उद्योग हा खराखुरा प्रयोग होता, याविषयी शंका नको. घराण्याघराण्यांत कुलपे लावून ठेवलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या, दहा थाटांत रागांची मांडणी केली, 'चतुर पंडित' या टोपणनावाने संस्कृतात ग्रंथ लिहिला, चिजांचे क्रमिक पुस्तकांचे भाग छापले. गाणे कागदावर येत नाही असे म्हणणारे उस्ताद त्या काळी चहूकडे होते, आणि ते सर्वस्वी चुकीचे होते असे आजही म्हणता येणार नाही. वर्गात घंटा वाजवून गवई तयार होत नाही हा आक्षेप कॉलेजवर प्रथमपासून आहे. पण फी भरून, जात किंवा खानदान न सांगता, कोणाही मुलामुलीस राग शिकता यावा ही कल्पना १९२६ साली धाडसाची होती. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ ते कॉलेज चालविले आणि गिंडे, भट, कैकिणी यांसारखे शिष्य तयार केले. याचा अभिमान धरण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

संकोच वाटतो तो निराळ्या ठिकाणी. कैसरबागेपासून चौक फार दूर नाही. कॉलेज निघाले तेव्हा चौकाच्या माड्यांवर गाणे चालू होते. ठुमरी, दादरा, गझल यांचे शिक्षण तेथे पिढ्यानपिढ्या कडक शिस्तीने दिले जात असे. या बायकांची नोंद आपल्या जातभाईंनी, म्हणजे अधिकाऱ्यांनी, फार व्यवस्थित ठेवलेली आहे. वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी लखनऊच्या १८५८ ते १८७७ या काळातील कराच्या वह्या तपासल्या, तेव्हा नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया शहरातील सर्वांत वरच्या करश्रेणीत आढळल्या. कर घेताना त्या कोण, कशा, हे सरकारने विचारले नाही. ते विचारले गेले स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. सरदार पटेलांकडे नभोवाणीचे खाते असताना, ज्यांच्या खाजगी वर्तनाविषयी लोकापवाद आहे अशांना नभोवाणीवर गाऊ देऊ नये, असे धोरण आले. पुढे १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्या खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षे राहिले. चित्रपटगीते नभोवाणीवरून गेली. गवय्यांची परीक्षा घेऊन त्यांस श्रेणी देण्याची पद्धत आली, अनेक नामवंतांनी तिला विरोध केला, आणि त्या परीक्षामंडळात रातंजनकरांचा हात मोठा होता. स्वतः नवे राग रचणारा माणूस दुसऱ्यांच्या गळ्यांना क्रमांक देत बसला, हे चित्र आम्हांस अस्वस्थ करते.

भातखंडे, रातंजनकर, केसकर. तिघेही मराठी, तिघेही निःस्पृह, तिघांचाही हेतू संगीत वाचविण्याचा. आणि तिघांच्याही आराखड्यात चौकाला जागा नाही. अख्तरीबाई फैजाबादी हिने १९४५ साली लखनऊच्या बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी लग्न केले, गाणे सोडले, आणि १९४९ साली लखनऊ नभोवाणी केंद्रावर पुन्हा गायिली. पुढे जगाने तिला बेगम अख्तर या नावाने ओळखले. भातखंड्यांच्या कॉलेजात तिने शिकविलेही. ठाकुरगंजच्या पसंदबागेत आईशेजारी तिची कबर आहे, आणि तिच्या स्मृतिदिनास आजही रसिक तेथे जातात. आवाज तोच होता. पण दार उघडण्यास मध्ये बॅरिस्टरचे घर यावे लागले. ज्यांना बॅरिस्टर मिळाला नाही त्यांचे स्मृतिदिन कोणत्या तारखेस असतात?

येथे आम्ही स्वतःच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नाहीतर हे लिहिणे म्हणजे पेन्शन घेऊन सरकारला शिव्या देण्यासारखे होईल. निवड कोणीतरी करावीच लागते. प्रक्षेपणाचे तास मोजके असतात, पैसा लोकांचा असतो, आणि परीक्षा नसेल तर तेथे गुण येत नाहीत, वशिला येतो. केसकरांच्या परीक्षामंडळाने काही अपात्र माणसे दूर ठेवली असतील, आणि श्रेणी मिळाल्याने एखाद्या आडगावच्या वादकाचे घर चालले असेल. परीक्षक हा खलपुरुष नव्हे. त्याचा दोष असलाच तर एवढाच की त्याच्या कोष्टकात 'मला समजले नाही' असा रकाना नसतो. त्यामुळे जे समजले नाही तेही 'अयोग्य' याच रकान्यात जाते. १९४० पासून तीस वर्षे नभोवाणीने हार्मोनियमला बंदी केली होती, हे नाट्यसंगीतावर वाढलेल्या कोणत्या मराठी कानाला विसरता येईल? श्रुतींसाठी ते तत्त्वतः बरोबर असेल. पण बालगंधर्वांच्या पदामागचा ऑर्गन ज्याने ऐकला त्याने त्या तत्त्वाला मनातल्या मनात कधीच मान डोलावली नाही. म्हणजे दुसऱ्याच्या परीक्षेत नापास होण्याचा अनुभव आम्हांसही आहे. तो आम्ही परीक्षकाच्या खुर्चीवर बसताना विसरतो, इतकेच.

कोणी म्हणेल की सरकारचे कान बंद असले तरी बाजार उघडा होता. हे निम्मे खरे आहे. ज्या बायकांना पुढे नभोवाणीचे दार बंद झाले, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांनी आधीच घरोघर नेला होता. अख्तरीबाईचे नाव झाले ते कलकत्त्याच्या मेगाफोन या देशी कंपनीच्या तबकड्यांमुळे, आणि तिच्या पहिल्या तबकड्या फारशा खपल्या नव्हत्या असे सांगतात. बाजार चारित्र्य विचारीत नाही, हा त्याचा गुण. पण तो खप विचारतो. आणि वर्ख ठोकण्याच्या आवाजाला खप नाही. तेव्हा लोकहिताच्या नावाने नकार देणारे सरकार एकीकडे, आणि गिऱ्हाइकाच्या नावाने नकार देणारा बाजार दुसरीकडे, यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ही लहान ध्वनिमुद्रिका-संस्था उभी असते. तिचा चालक म्हणतो, 'हे मला मोलाचे वाटले. पाचपन्नास लोकांनी तरी ऐकावे.' तो कोणाच्याही वतीने बोलत नाही. आम्ही आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या वतीने सह्या केल्या. म्हणून असेल, पण हे एकवचनी वाक्य आम्हांस फार प्रतिष्ठेचे वाटले. भातखंड्यांनी वकिलीच्या कमाईवर देशभर हिंडून चिजा गोळा केल्या, तेव्हा त्यांचे वाक्य हेच होते. पुढे त्याचे कॉलेज झाले, अभ्यासक्रम झाला, परीक्षा आल्या, आणि वाक्य अनेकवचनी झाले.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. बहुतेक प्रयोग वाईट असतात. हे निर्दयपणाचे वाटेल, पण खरे आहे. त्या मुलाचे बारा मिनिटांचे काम चांगले आहे की वाईट, हे दोनदा ऐकूनही आम्हांस सांगता येत नाही. आणि ते वाईट असण्याचा संभव अधिक. मग अंगणात दीडशे माणसे बसवून त्यांच्या बारा मिनिटांवर हा भार का टाकावा? त्यांत म्हातारी माणसे असणार, लांबून रिक्षाने आलेली असणार, अभंगासाठी थांबलेली असणार. श्रोत्यालाही हक्क असतात. नव्याची भीती वाटते म्हणून नव्याला टाळ्या वाजविणे हा आणखी एक भ्याडपणा आहे, आणि अलीकडे तो वाढला आहे. आम्हांस त्या मुलावर मेहेरबानीही करावयाची नव्हती. ती त्याच्या लगेच ध्यानात आली असती.

खूप विचारांती आम्हांस जो भेद दिसला तो असा. ऐकून नाकारणे हा श्रोत्याचा हक्क आहे. ऐकण्यापूर्वी त्याच्या वतीने नाकारणे हा आमचा हक्क नाही, निदान त्या संध्याकाळी तरी नाही. एरवीच्या गाण्याच्या बैठकीत समितीने निवड करावी, चुकावी, शिव्या खाव्यात. पण ज्या संध्याकाळी आपण एका माणसाच्या 'करून पाहू'ला वंदन करण्यास जमतो, तेव्हा फसण्यास मोकळी अशी एक तरी जागा कार्यक्रमात नसेल, तर आपण वंदन कशाला केले? शिवाय ते अंगण चौकात होते. ज्या चौकाने आमच्या थोर माणसांच्या परीक्षेत कधी बसण्यासही मिळविले नाही, त्याच्याच हातोड्याचा आवाज आम्ही 'प्रसंगास अनुरूप नाही' म्हणून परत पाठवीत होतो.

दुसऱ्या बैठकीत आम्ही शेऱ्याचे दुसरे वाक्य खोडून आणले. वाद झाला. एका गृहस्थांनी विचारले की उद्या कोणी भांडी बडवून बारा मिनिटे मागितली तर काय करणार? या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि अजूनही नाही. एका बाईंनी सुचविले की तो तुकडा अभंगानंतर ठेवावा, म्हणजे ज्यांस जावयाचे ते जातील. मुलाने नम्रपणे नकार दिला. उठून जाणाऱ्यांच्या चपलांच्या आवाजात वाजवायचे नाही, म्हणाला, आणि लगेच हसून पुढे म्हणाला की तोही आवाज मी घेतला असता. शेवटी चारास तीन मतांनी ठरले की तो ख्यालानंतर आणि ठुमरीच्या आधी व्हावा.

कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा तिसऱ्या ओळीवर त्याचे नाव होते. ख्यालापुढे 'ख्याल' असे छापले होते, ठुमरीपुढे 'ठुमरी' असे. त्याच्या नावापुढे मुद्रकाने विचारूनही आम्हांस शब्द सुचला नाही, म्हणून नुसते 'बारा मिनिटे' असे आहे.